आपला फोटो आपणच काढताना

आमच्या एटापल्लीकडच्या माडिया मुलांचे फोटो बरेच निघतात, पण काढणारे बाहेरचे. कॅमेरा दिसला की पोरं ताठ उभी राहतात. म्हणून चौथीच्या वर्गाला मी माझा मोबाइलच दिला. स्वतःचा फोटो काढायचा, सोबत काय घ्यायचं ते तुम्हीच ठरवा.

एकीने शेळीचं पिल्लू घेतलं. एकाच्या फोटोत चेहराच नाही, आजोबांच्या बंडीवर ठेवलेला हात फक्त! 'परत काढ' म्हणणार होतो, तेवढ्यात जव्हार आठवलं.

पालघर जिल्ह्यातल्या जव्हारकडे बोहाड्याचे मुखवटे बनतात. २०१५ पासून छायाचित्रकार गौरी गिल यांनी तिथल्या कोकणा व वारली कलाकारांसोबत काम केलं. मुखवटे मात्र देवांचे नाहीत, रोजच्या जगण्यातले. माणसं, प्राणी, वस्तूसुद्धा. ते घालून लोक आपल्याच गावात फोटोसाठी उभे राहिले. चेहरा झाकलेला, तरी बसण्या-उभं राहण्यातून माणूस कळतो.

मग मी त्या पोराला विचारलं, "यात तू कुठे?"

"गुरुजी, बंडी मीच हाकतो ना."

फोटो तसाच भिंतीवर लावला, अर्थात त्याला विचारून. पालकांनो, घरी करून बघा. फक्त 'जरा हस' म्हणू नका.