जननेंद्रियावरील चामखीळ म्हणजे कर्करोग नव्हे. गर्भाशयमुखाची तपासणी मात्र आवश्यक

नवी दिल्ली : जननेंद्रियावर चामखीळ आल्याचे लक्षात येताच अनेक स्त्रियांना आधी कर्करोगाची आणि मग लोकलज्जेची भीती वाटते. परिणामी डॉक्टरांकडे जाणे लांबते. प्रत्यक्षात या चामखिळी आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग एकाच विषाणूच्या निरनिराळ्या प्रकारांमुळे होतात.

मानवी पॅपिलोमा विषाणूचे, अर्थात एचपीव्हीचे, २०० हून अधिक प्रकार ज्ञात आहेत. जननेंद्रियावरील सुमारे ९० टक्के चामखिळी ६ आणि ११ या प्रकारांमुळे येतात. त्यांच्यापासून कर्करोगाचा धोका अत्यल्प असतो. गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांना मात्र १६ आणि १८ हे प्रकार कारणीभूत ठरतात. या संसर्गात सहसा चामखीळ येत नाही आणि वेदनाही होत नाहीत. त्यामुळे चामखीळ नसली म्हणून स्त्री निर्धोक आहे, असे म्हणता येत नाही. हा विषाणू आणि कर्करोग यांतील संबंध उलगडणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

हा संसर्ग मुख्यत्वे लैंगिक संबंधातील त्वचेच्या स्पर्शातून होतो. निरोधमुळे धोका कमी होतो, पूर्णपणे टळत नाही. संसर्गानंतर चामखीळ दिसण्यास काही आठवडे, महिने, क्वचित वर्षेही लागतात. म्हणून तिच्यावरून संसर्ग कधी आणि कोणाकडून झाला, हे ठरवता येत नाही. पती-पत्नींनी एकमेकांवर संशय घेण्यास हा पुरावा पुरेसा नाही.

चामखिळीवर डॉक्टरांच्या सल्ल्याने मलम लावणे, ती गोठवणे किंवा विद्युत उपकरणाने जाळणे हे उपाय केले जातात. उपचारांनंतर ती पुन्हा उद्भवू शकते. हातापायांच्या चामखिळीसाठी मिळणारी आम्लयुक्त औषधे येथे लावू नयेत. गर्भवतींनी तसे डॉक्टरांना आधीच सांगावे, कारण काही औषधे त्यांना वर्ज्य असतात.

बहुतांश संसर्ग दोन वर्षांत शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच नाहीसा होतो. घातक प्रकाराचा संसर्ग टिकून राहिल्यास कर्करोग होण्यास साधारणतः १५ ते २० वर्षे लागतात. प्रतिकारशक्ती क्षीण असल्यास हा काळ कमी होतो. तपासणीने हाच अवधी उपयोगी पडतो. महाराष्ट्रातील तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयोगटातील १ लाख ३१ हजारांहून अधिक ग्रामीण महिलांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गटाला एचपीव्ही चाचणी एकदाच देण्यात आली, त्यातील या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत जवळपास निम्मे होते.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने विकसित केलेली ‘सर्व्हावॅक’ लस ६, ११, १६ आणि १८ या चारही प्रकारांपासून संरक्षण देते. लैंगिक संबंध सुरू होण्यापूर्वी घेतल्यास लस सर्वाधिक परिणामकारक ठरते. आधीच झालेला संसर्ग तिने बरा होत नाही. त्यामुळे लस घेतलेल्या स्त्रियांनीही तपासणी करून घेणे गरजेचे आहे.

भारतात २०२२ मध्ये या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले आणि जवळपास ८० हजार महिलांचा मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. संबंधानंतर किंवा पाळी थांबल्यानंतर रक्तस्राव झाल्यास, अथवा दुर्गंधीयुक्त स्राव होत असल्यास, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे विनाविलंब जावे. तिशीनंतर मात्र लक्षणांची वाट न पाहता तपासणी करून घ्यावी.