पोट सुटणे : सुखाची खूण की रोगाची चाहूल?

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

पोटाला चिमटा घेणे, पोटाची खळगी भरणे, पोटावर पाय देणे, पोटात कावळे ओरडणे, हातावर पोट असणे. मराठीतले हे वाक्प्रचार आपण शाळेत पाठ केले, त्यांचा वाक्यांत उपयोगही केला. जरा लक्ष देऊन पाहिले तर ध्यानात येईल की हे सारे रिकाम्या पोटाचे वाक्प्रचार आहेत. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी दिवस काढले, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून सुकडीवर गुजराण केली, त्या समाजाला भरलेल्या पोटाचे कौतुक वाटावे यात नवल नाही. म्हणूनच माणसाचे पोट जरा पुढे आले की आपल्याकडे “तब्येत सुधारली” असे म्हणतात. नुकतेच लग्न झालेल्या मुलाचे पोट सुटले तर त्याचे श्रेय सुनेच्या हाताला जाते. “खात्यापित्या घरचा” हे तर सोयरिकीतले प्रशस्तिपत्रकच!

परंतु हे कौतुक आता महाग पडू लागले आहे. सुटलेले पोट म्हणजे नेमके काय, ते का सुटते आणि ते कमी कसे करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. मी वैद्यकशास्त्राची विद्यार्थिनी नाही. तथापि माझ्या आईला चाळिशीतच मधुमेह निघाला, आणि “अंगाने एवढी बारीक बाई, हिला साखर कशी?” असा प्रश्न आमच्या आळीत ज्याने त्याने विचारला. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे वाचले व समजले ते येथे मांडत आहे.

चरबी दोन प्रकारची

पोटावरची चरबी एकाच जातीची नसते. जी चिमटीत धरता येते ती त्वचेखालची चरबी. दुसरी चरबी पोटाच्या पोकळीत, आतड्यांभोवती व यकृताभोवती साचते. ती दिसत नाही, चिमटीत येत नाही. पण खरी घातक तीच.

असे समजा की घरात धान्याची कणगी आहे. तिच्यात धान्य साठवणे हा शहाणपणा होय. परंतु कणगी भरली आणि पोती चुलीपाशी, माठापाशी, दारात रचावी लागली, तर घरात वावरणेच कठीण होईल. त्वचेखालची चरबी ही शरीराची कणगी. तिच्यात जागा उरली नाही की जादा चरबी यकृतासारख्या कामाच्या जागी जाऊन बसते. पोटातील चरबीमधून निघालेली स्निग्धाम्ले थेट यकृताकडे जातात. शिवाय दाह वाढविणारी द्रव्येही त्या चरबीतून रक्तात मिसळतात. इन्सुलिनचा प्रभाव कमी पडू लागतो. मग रक्तातील साखर चढते, रक्तदाब वाढतो, यकृतावर चरबी बसते आणि हृदयविकाराचा धोका वाढतो.

बारीक अंग, मोठे पोट

आता आळीने विचारलेल्या प्रश्नाकडे वळू. या प्रश्नावर महत्त्वाचे संशोधन आपल्या पुण्यातच झाले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रिया व त्यांची बाळे यांचा अभ्यास सुरू केला. या बाळांचे जन्मवेळचे सरासरी वजन २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लहान होती, त्यांचे स्नायू कमी होते. पण चरबी मात्र त्या मानाने कमी नव्हती. म्हणजे वरून बारीक आणि आतून चरबीदार, अशी ही शरीरयष्टी जन्मापासूनच असते. याचे एक स्पष्टीकरण असे दिले जाते की आईच्या पोटातच उपासमार भोगलेले शरीर टंचाईच्या तयारीने जन्माला येते. पुढे सुबत्ता आली तरी ते जुन्या सवयीने साठाच करीत राहते.

याच डॉ. याज्ञिकांचे व लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. वजनाला (किलोमध्ये) उंचीच्या (मीटरमध्ये) वर्गाने भागले असता जो अंक येतो, तो दोघांचाही सारखाच, २२.३ होता. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! वजनकाटा दोघांना एकाच मापाने तोलत होता, आतील हिशेब मात्र निराळा होता.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. वजनाच्या हिशेबाने लठ्ठ ठरणारे प्रौढ २८.६ टक्के, तर पोटाच्या घेराने लठ्ठ ठरणारे ३९.५ टक्के आहेत. याचाच अर्थ असा की वजनकाट्यावर निर्धास्त उभे राहणाऱ्या पुष्कळांची खरी गोष्ट कमरेचा टेपच सांगतो.

माझ्या आईचे असेच झाले. आमच्या भागातील आशाताई तिशीवरील माणसांची तपासणी करून तक्ता भरतात. त्यात कमरेचा घेरही लिहावा लागतो. त्यांनी टेप काढला तेव्हा शेजारच्या बायका हसून म्हणाल्या, “ताई, ब्लाउज शिवायला घेतलेत का?” आईच्या हातापायांच्या काड्या, पण कमर भरली ९२ सेंटिमीटर. त्यावरूनच पुढे रक्ततपासणी झाली आणि साखर सापडली. आईची आई १९७२ साली दुष्काळी कामावर खडी फोडत होती. आई स्वतः जन्मली तेव्हा “मुठीएवढी” होती असे आजी सांगते. पुण्याच्या संशोधनाविषयी वाचताना मला आजीचे ते शब्द आठवले.

घेर मोजण्याची रीत सोपी आहे. सर्वांत खालची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडल्यावर, टेप न आवळता मोजावे. आपल्याकडील पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते. एवढेही ध्यानात राहत नसेल तर कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, हे सूत्र लक्षात ठेवावे.

पोट का सुटते?

मूळ हिशेब जमाखर्चाचा आहे. खाल्लेले उष्मांक खर्चापेक्षा अधिक झाले की उरलेले चरबीच्या रूपाने साठतात. पण हा जादा माल घरात कोणकोणत्या दारांनी येतो, ते पाहणे उद्बोधक ठरेल.

पहिले दार चहाचे. चमचाभर साखर म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, २० उष्मांक. दोन चमचे साखरेचे पाच कप घेणाऱ्याच्या पोटात चहातूनच ५० ग्रॅम साखर व २०० उष्मांक जातात. दिवसाची साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत असावी, असे जागतिक आरोग्य संघटना सुचविते.

दुसरे दार बदललेल्या अन्नाचे. भाकरीची जागा पांढरा भात, पाव, खारी व बिस्किटे यांनी घेतली. वरण पातळ झाले, उसळ सणावारी उरली, फरसाण मात्र रोजचे झाले. प्रथिने कमी आणि पिष्टमय पदार्थ व तेल जास्त, असे आपले ताट झाले आहे. उपवासाच्या दिवशी साबुदाणा, शेंगदाणे, तूप व बटाटा यांची रेलचेल असते. “एकादशी आणि दुप्पट खाशी” ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगीच केलेली नाही. शिवाय घरची बाई शेवटी जेवते. अन्न वाया जाऊ नये म्हणून उरलेला भात तिच्या वाट्याला येतो आणि उसळीचा टोप तोवर रिकामा झालेला असतो.

तिसरे दार श्रम कमी झाल्याचे. जाते गेले, नळ आला, दाराशी मोटारसायकल आली. काही वक्ते या गोष्टीवर हळहळ व्यक्त करून जात्याचे गुणगान करतात. मला ते पटत नाही. जात्याने व पाण्याच्या हंड्यांनी बायकांची कंबर मोडली, ती बारीक ठेवली म्हणून त्यांचे पोवाडे गाऊ नयेत. कष्ट गेले ते उत्तमच झाले. मात्र त्यांच्या जागी हालचाल आली नाही, एवढीच उणीव राहिली.

चौथे कारण झोपेचे. माझे वडील रात्रपाळीचे पहारेकरी आहेत. रात्रभर खुर्ची, जागे राहण्यासाठी चहा आणि दिवसा तुटक झोप. झोप अपुरी झाली की भूक वाढते व गोड-तळलेले खाण्याकडे ओढा होतो. सततच्या चिंतेनेही पोटावर चरबी साठण्याला हातभार लागतो. दारूचे सांगायचे तर तिच्या प्रत्येक ग्रॅममागे ७ उष्मांक असतात, आणि सोबतच्या चखण्याचा हिशेब निराळाच.

याखेरीज वाढते वय, आनुवंशिकता, स्त्रियांची पाळी थांबण्याचा काळ, संप्रेरकांचे काही विकार व स्टेरॉइडसारखी औषधे हीही कारणे आहेत. मात्र पोट थोड्या दिवसांत एकाएकी फुगले, दुखू लागले किंवा पायांवर सूज आली, तर ती चरबी समजून स्वस्थ बसू नये. तत्काळ डॉक्टरांना दाखवावे.

उपाय कोणते?

प्रथम काय करू नये ते सांगते. पोटाला पट्टा बांधून घाम काढल्याने चरबी जात नाही, पाणी जाते. नुसत्या पोटाच्या व्यायामाने फक्त पोटाचीच चरबी उतरवता येत नाही. शरीर चरबी खर्च करते ती सगळीकडची. लिंबू-मधाच्या पाण्यात चरबी विरघळत नाही, उलट मधाचे उष्मांक मात्र वाढतात. आणि आपल्या काही मैत्रिणी सकाळचे खाणे टाळून उपाशी तासाला बसतात, तोही मार्ग नव्हे. त्याने अशक्तपणा येतो, आणि दुपारी वडापावच्या गाडीवर सारी भरपाई होते.

आता काय करावे? ताटाचे मनातल्या मनात चार भाग करावेत. दोन भाग भाजी व कोशिंबीर, एक भाग भाकरी किंवा भात, आणि एक भाग डाळ, मटकी, हुलगे, अंडे किंवा मासळी. यांतले काहीही परदेशातून आणावे लागत नाही. तेल ओतताना हिशेब राहत नाही, म्हणून महिन्याचे तेल मोजूनच भरावे. माणशी अर्धा लिटर पुरते. चहातील साखर एकदम बंद करणे जमत नसेल तर आठवड्याला थोडी थोडी कमी करावी, जीभ सवय लावून घेते.

व्यायामाबाबत जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले प्रमाण असे : आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे भरभर चालणे किंवा तत्सम हालचाल, आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम. सूर्यनमस्कार व बैठका यांना पैसा लागत नाही. झोप सुमारे सात तास हवी. वजनात ५ ते १० टक्के घट झाली तरी साखर व रक्तदाब यांत चांगला फरक पडतो. म्हणजे ७० किलोच्या माणसाने साडेतीन ते सात किलो कमी करणे, तेही सावकाश. समजा टेप हलला नाही, तरी निराश होऊ नये. चेन्नई येथील एका अभ्यासात (२००६) मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांनी आहार व चालणे सुधारले. त्यांचे वजन फारसे उतरले नाही, तरी मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले.

कागदावर हे सोपे दिसते. आईला मी म्हटले, “रोज अर्धा तास चालायला जा.” ती म्हणाली, “बाई हातात पिशवी न्‌ घागर नसताना रस्त्यानं निघाली की लोक विचारतात, कुणीकडं निघालीस गं? काय सांगू, पोट कमी करायला?” या प्रश्नाला कोणत्याही आहारतक्त्यात उत्तर नाही. अखेर आळीतल्या चौघी मिळून जाऊ लागल्या, तेव्हा विचारणे थांबले. आठ महिन्यांत आईची कमर चार सेंटिमीटरने उतरली. गोळ्या चालू आहेत, पण साखर आटोक्यात आहे.

या निमित्ताने एक सूचना मांडते. आपल्या महाविद्यालयाचे मैदान सकाळी सहा ते सात या वेळात ओसच असते. तो एक तास गावातील स्त्रियांना चालण्यासाठी खुला करता येणार नाही काय? राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थिनींनी हातात टेप घेऊन घेर मोजण्याचा उपक्रमही करावा. प्राचार्य महोदय व प्राध्यापकवर्ग याचा विचार करतील अशी आशा आहे.

आपल्या सहाध्यायांनाही एक विनंती. कोणाला ‘ढेऱ्या’ म्हणून चिडविल्याने त्याचे पोट कमी होत नाही, फक्त तो मैदानावर यायचा बंद होतो. ज्या घरांनी भूक पाहिली त्या घरांतील पोट हा हसण्याचा विषय नाही. आणि हा प्रश्न कायमचा सोडवायचा तर सुरुवात कमरेच्या टेपापासून नव्हे, मुलीच्या ताटापासून करावी लागेल. आजची अर्धपोटी मुलगी उद्याची आई होते आणि तिच्या पोटी ते बारीक, चरबीदार बाळ जन्माला येते. म्हणून घरोघरी मुलगी सर्वांबरोबर जेवायला बसली पाहिजे आणि उसळीचा टोप रिकामा होण्याआधी तिचे ताट वाढले गेले पाहिजे.