कॅमेऱ्यासमोरचा चाकू : परीक्षक काय पाहतो, कारागिराने काय पाहावे

अमेरिका, कॅनडा, इंग्लंड, स्वीडन अशा देशांत सुट्टीच्या दिवशी जंगलात जाऊन तंबू ठोकणाऱ्या शौकिनांची संख्या मोठी आहे. चूल पेटविणे, लाकूड फोडणे, मासा साफ करणे ही सर्व कामे ते एकाच चाकूने करतात आणि हा चाकू हाताने घडविलेला असावा अशी पुष्कळांची हौस असते. परंतु माल शेकडो मैलांवरून मागवायचा, हातात घेऊन पाहण्याची सोय नाही. म्हणून विकत घेण्यापूर्वी ते यूट्यूबवर त्या चाकूची तपासणी पाहतात. एक माणूस कॅमेऱ्यासमोर बसतो, खोक्यातून चाकू काढतो, त्याने लाकूड तासतो, दोर कापतो, ओंडका फोडतो आणि शेवटी हा माल पैशाला परवडतो की नाही ते सांगतो.

आपल्याकडे हा रिकामटेकड्यांचा उद्योग समजला जाईल. पण ज्या कारागिराचा माल परदेशी जातो त्याच्या पोटापाण्याशी या तपासणीचा थेट संबंध आहे. बाजारपेठेत जसा एखाद्या जुन्या दलालाचा शब्द चालतो, तसा तिकडे या परीक्षकांचा शब्द चालतो. फरक इतकाच की दलालाचा शब्द एका गल्लीत फिरतो, चित्रफीत वर्षानुवर्षे कोणालाही पाहता येते.

मी कापडाचा व्यापारी. लोखंडाशी माझा संबंध कात्री आणि गजापुरता. पण गिऱ्हाईक माल कसा पारखते हा विषय सर्व धंद्यांना सारखाच लागू आहे. खळ दिलेले कापड दुकानात कडक आणि भरदार दिसते. पहिल्या धुण्यात खळ गेली की विणीचा खरा कस कळतो. चाकूचेही अगदी तसेच आहे.

परीक्षक पहिली चाचणी करतो ती कागदाची. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून चाकूने सरसर कापतो. पाहणाऱ्याला मोठी मौज वाटते. पण या चाचणीने एवढेच कळते की काल रात्री कोणीतरी चाकूला चांगली धार लावली आहे. मऊ लोखंडाच्या पट्टीलाही दगडावर घासून कागद कापण्याइतकी धार आणता येते. ही कागदाची चाचणी म्हणजे चाकूची खळ समजावी.

खरी तपासणी पुढे सुरू होते. कोरड्या लाकडाची काठी घेऊन तिच्यावर पातळ सालींचे तुरे काढतात. ओल्या जंगलात आग पेटविण्यासाठी हे तुरे कामाला येतात. येथे धारेचा उतार कसा आहे ते कळते. धारेच्या मागे पाते जाड राहिले असेल तर चाकू लाकडात शिरत नाही, वरून निसटतो. आपल्या अनेक कारागिरांची चूक येथेच होते. मजबुती दिसावी म्हणून पाते जाड ठेवतात आणि तो चाकू पाचरीसारखा वागतो. त्यानंतर पाते ओंडक्याच्या तोंडावर ठेवून पाठीवर दुसऱ्या लाकडाने ठोकतात आणि ओंडका उभा चिरतात. येथे मुठीची परीक्षा होते. पात्याचे लोखंड मुठीच्या शेवटपर्यंत पूर्ण रुंदीने गेले आहे की आत बारीक शेपटी आहे, रिव्हेट सैल होतात का, मूठ आणि पाते यांच्यात फट पडते का, हे सर्व दहा मिनिटांत उघडे पडते. पाठीची कडही तपासतात. ती काटकोनात आणि तीक्ष्ण असेल तर चकमकीच्या कांडीवर घासून ठिणगी पडते. कारागिराने पाठ गोल करून गुळगुळीत चमकविली असेल तर त्याची मेहनत वाया जाते, कारण या गिऱ्हाइकाला तेथे चमक नको, ठिणगी हवी.

हे सगळे झाल्यावर चांगला परीक्षक पुन्हा तोच कागद घेतो. काम करून झाल्यावर धार टिकली आहे का, कुठे दुमडली आहे का, कुठे कपचा उडाला आहे का, ते तो भिंगाखाली दाखवितो. या क्षणी पोलादाला पाणी कसे दिले आहे त्याचा निकाल लागतो.

पाणी देण्याच्या या मुद्द्यावर थोडे सविस्तर लिहिणे जरूर आहे, कारण माल येथेच नापास होतो. पोलाद तापविले आणि तेलात बुडविले की ते कडक होते हे सर्व लोहारांना माहीत आहे. पण किती तापवावे? साधे कार्बन पोलाद सुमारे 770 अंश सेल्सियसला चुंबकाला चिकटणे सोडते. त्याहून थोडे अधिक तापवून, कोमट तेलात बुडवावे लागते. जास्त तापविले तर आतले कण मोठे होऊन पाते ठिसूळ बनते. कमी तापविले तर ते कडकच होत नाही. बुडविल्यानंतर पाते काचेसारखे असते, पडले तर फुटेल. म्हणून त्याला पुन्हा सुमारे 200 अंशांवर दोन तास, आणि गार करून परत दोन तास, असे शेकावे लागते. घाईच्या ऑर्डरीत हा शेवटचा टप्पा गाळला जातो किंवा अंदाजाने उरकला जातो. बाहेरून पाहून कोणालाही काही कळत नाही, दुकानदारालाही नाही. कळते ते ओंडक्यावर.

कडकपणा मोजण्याचे रॉकवेल नावाचे यंत्र असते. त्यात हिऱ्याचे टोक पोलादात दाबून ते किती रुतते ते पाहतात. जंगलात वापरायच्या चाकूला या यंत्राच्या सी मापावर साधारण 57 ते 60 कडकपणा योग्य समजतात. त्याखाली धार लवकर दुमडते, फार वर गेले तर कपचे उडतात. सर्वांकडे यंत्र नसते, पण कानस सर्वांकडे असते. तेलातून काढलेल्या पात्यावर कानस फिरवावी. ती घसरली तर पाते कडक झाले, रुतली तर नाही. भट्टीत वरची कातडी मऊ पडलेली असू शकते, तेव्हा थोडे घासून मग निर्णय करावा. दुसरी युक्ती पितळेच्या कांबीची. शेकून धार लावलेले पाते कांबीवर तिरके दाबावे. धार किंचित वाकून परत सरळ झाली तर पाणी बरोबर आहे. वाकून तशीच राहिली तर मऊ, आणि तुटली तर ठिसूळ.

अमेरिकेत 1976 साली स्थापन झालेली अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी ही पाते घडविणाऱ्यांची संस्था आहे. तिच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेत उमेदवाराला स्वतः घडविलेल्या चाकूने एक इंच जाडीचा लोंबता दोर एका घावात कापावा लागतो. मग दोन इंच बाय चार इंची लाकूड दोनदा तोडावे लागते. त्यानंतरही त्याच धारेने हातावरचे केस निघाले पाहिजेत. शेवटी पाते शिकंज्यात धरून 90 अंशांत वाकवितात आणि त्याचे दोन तुकडे होता कामा नयेत. धार कडक, पाठ लवचिक, असे एकाच पात्यात साधणे हा खरा हुनर आहे. आपल्या भागातल्या एखाद्या उस्तादाला हे अशक्य आहे असे मला वाटत नाही. त्याला कोणी ही परीक्षा सांगितलेली नाही, एवढेच.

आता भावाचा प्रश्न. स्वीडनमध्ये मोरा नावाचे गाव चाकूंसाठी प्रसिद्ध आहे. तेथला कारखान्यात बनलेला, प्लॅस्टिकच्या मुठीचा चाकू अत्यंत स्वस्त असतो आणि कापतो उत्तम. परीक्षक प्रत्येक हातघडणीचा चाकू मनातल्या मनात, कित्येकदा उघडपणे, या मोराशेजारी ठेवतो आणि विचारतो की दहापट पैसे कशासाठी द्यावेत? यंत्रमागापुढे हातमागाला हाच प्रश्न विचारला गेला होता. त्याचे उत्तर "हे हाताने केले आहे" एवढे पुरत नाही. तासभर काम केले तरी तळव्याला न टोचणारी मूठ, मनगटाला न जाणवणारा तोल, नीट बसणारे चामड्याचे म्यान, आणि बिघडल्यास दुरुस्त करून देणारा माणूस, हे यंत्राला जमत नाही. तेथेच हातकारागिराने जोर द्यावा.

पाकिस्तानी पंजाबातील वजीराबाद हे चाकू-सुऱ्यांचे जुने केंद्र आहे. तेथून नागमोडी नक्षीचे 'दमिश्क' पोलादाचे चाकू जगभर अतिशय स्वस्तात जातात आणि परदेशी परीक्षक त्यांच्यावर नेहमी एकच आक्षेप घेतात : यात कोणते पोलाद आहे ते सांगितलेले नाही, आणि धार टिकत नाही. वास्तविक आजचे दमिश्क म्हणजे दोन प्रकारच्या पोलादांचे थर ऐरणीवर एकजीव करून, घडी घालून, शेवटी आम्लात बुडविलेले काम. एक थर काळवंडतो, निकेल असलेला दुसरा चमकत राहतो. प्राचीन दमिश्की तलवारींचे पोलाद वेगळे होते. ते दक्षिण हिंदुस्थानात मुशीत वितळवून तयार होई आणि नक्षी त्याच्या अंगातूनच उमटे. नवव्या शतकात अल-किंदी या विद्वानाने खलिफा अल-मुअतसिमसाठी तलवारींचे प्रकार आणि त्यांची पारख यावर एक रिसाला लिहिला होता. म्हणजे पात्याचे परीक्षण ही काही यूट्यूबची देणगी नाही! असो. सांगायचे ते हे की नक्षी सुंदर आणि पोलाद निनावी, या जोडीने काही कारखानदारांमुळे साऱ्या शहराच्या मालावर शिक्का बसला. त्यात प्रामाणिक कारागीरही भरडला जातो. त्याने नावाचे पोलाद आणले, नीट पाणी दिले, तरी परदेशातले गिऱ्हाईक गावाचे नाव वाचून पाठ फिरविते.

ट्रकच्या जुन्या पाट्यापासून केलेल्या चाकूंनाही हेच लागू आहे. पाट्याचे पोलाद बहुधा चांगले निघते. पण जुन्या पाट्यात डोळ्यांना न दिसणारी चीर असू शकते, आणि ते नेमके कोणते पोलाद हे लिहून देता येत नाही. नवीन, दाखला असलेली पट्टी घ्यावी हे उत्तम. जुनाच पाटा वापरला तर तसे स्पष्ट सांगावे.

परीक्षकही सगळेच सारखे नसतात. कोणाला चाकू फुकट मिळालेला असतो, कोणाला वर पैसे. आपल्या देशात जाहिरात मानक परिषदेने 2021 साली अशा जाहिरातींवर तसे ठळकपणे लिहिण्याचा नियम केला. चित्रफीत पाहताना चाकू कोणी दिला हे सांगितले आहे का, वापर एका दुपारचा आहे की काही महिन्यांचा, आणि एक तरी दोष दाखविला आहे का, हे पाहावे. काँक्रीटवर चाकू आपटून तोडणारे वीरही पुष्कळ आहेत. त्यांच्या निकालाला मी फारशी किंमत देत नाही, कारण काँक्रीट कापायला चाकू कोणी घेत नाही.

कायद्याचीही माहिती ठेवावी. शस्त्र कायदा 1959 खालील नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेती, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी बनविलेले त्यातून वगळले आहेत. राज्यांच्या अधिसूचना वेगळ्या असू शकतात, म्हणून माल बनविण्यापूर्वी वकिलाला विचारावे. जंगलातल्या कामाला चार ते पाच इंचांचे पाते भरपूर होते, तेव्हा मोठ्या पात्याच्या मोहात पडण्याचे कारण नाही.

परीक्षकाकडे चाकू पाठवायचा झाल्यास खास निवडलेला नग पाठवू नये, रोजच्या मालातला कोणताही उचलावा. कारण चित्रफीत पाहून मागविणाऱ्याला तोच मिळणार आहे. सोबत एका कागदावर पोलादाचे नाव, पात्याची जाडी, कडकपणा मोजला असल्यास तो आकडा, आणि धार बिघडल्यास कोणाला कळवावे ते लिहावे. कार्बन पोलादाला गंज चढतो, म्हणून पात्याला तेलाचा हात देऊन मेणकागदात गुंडाळावे. चामड्याच्या म्यानात घालून समुद्रमार्गे पाठविलेला चाकू ओलाव्याने डागाळतो. म्यान वेगळे बांधावे.