आयएल अँड एफएस प्रकरण

इन्फ्रास्ट्रक्चर लीझिंग अँड फायनॅन्शियल सर्व्हिसेस लिमिटेड (संक्षेपाने आयएल अँड एफएस) या मुंबई येथील सूत्रधारी कंपनीच्या समूहाचे सप्टेंबर २०१८ मध्ये झालेले आर्थिक पतन व त्यानंतरच्या चौकशीतून उजेडात आलेले हिशेबांतील गैरप्रकार. समूहाचे एकूण देणे नव्वद हजार कोटी रुपयांहून अधिक असल्याने भारतातील सर्वांत मोठ्या कंपनी-पतनांत याची गणना होते. हिशेबांतील लबाडी म्हटली की खोटी बिले, बनावट ठेवी वा मुळात नसलेला माल डोळ्यांसमोर येतो. हे प्रकरण त्या प्रकारचे नव्हते. समूहाने बांधलेले रस्ते, पूल व बोगदे खरे होते. पुणे–सोलापूर रस्त्याच्या एका टप्प्याचे चौपदरीकरण आणि खेड–सिन्नर रस्ता हे प्रकल्प त्याच्याच परिवहन शाखेच्या उपकंपन्यांकडे होते. दिलेली कर्जे वेळच्या वेळी फिटत आहेत, हे ताळेबंदांतील चित्र मात्र खरे नव्हते.

सेंट्रल बँक ऑफ इंडिया, एचडीएफसी व युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया यांनी ही कंपनी १९८७ मध्ये स्थापिली. पायाभूत सुविधांसाठी खाजगी भांडवल उभारणे हा तिचा उद्देश होता. रवी पार्थसारथी यांनी प्रारंभापासून जुलै २०१८ पर्यंत तिची धुरा वाहिली. पतनाच्या वेळी आयुर्विमा महामंडळाकडे तिचे सुमारे २५ टक्के व जपानच्या ओरिक्स कंपनीकडे सुमारे २३.५ टक्के भाग होते. अबू धाबीची गुंतवणूक संस्था, एचडीएफसी, सेंट्रल बँक व स्टेट बँक हे इतर प्रमुख भागधारक. कंपनी सरकारी नव्हती. परंतु भागधारकांची ही नावे पाहून पुष्कळ गुंतवणूकदारांनी तिला सरकारीच मानले. जम्मू-काश्मीरमधील नऊ किमी.हून अधिक लांबीचा चेनानी–नाशरी बोगदा (२०१७) हे समूहाचे एक उल्लेखनीय बांधकाम होय.

समूहाच्या अडचणीचे मूळ कर्जाच्या मुदतींत होते. रस्त्यात गुंतविलेले पैसे पथकरातून वा शासनाकडून मिळणाऱ्या ठरावीक हप्त्यांतून पंधरा-वीस वर्षांत वसूल होतात. समूह मात्र काही महिन्यांत परत करावयाच्या ठेवी व कमर्शियल पेपर नावाची वचनपत्रे यांवर मोठ्या प्रमाणात विसंबला होता. जुनी वचनपत्रे फेडण्यास नवी विकावी लागत व ती विकली जाण्यास उच्च पतमानांकन लागे. भूसंपादन रखडले, शासकीय खात्यांशी देण्याघेण्याचे वाद लांबले, म्हणजे रस्त्याचे उत्पन्न थांबे. व्याज मात्र थांबत नसे.

कागदावरील येणे व हाती येणारी रोकड यांत किती अंतर पडू शकते, हे समूहानेच प्रवर्तित केलेल्या दिल्ली–नोएडा उड्डाणमार्गाच्या करारावरून दिसते. त्यात कंपनीस प्रकल्पखर्चावर दरसाल २० टक्के परतावा मान्य करण्यात आला होता व जी रक्कम पथकरातून निघणार नाही, ती प्रकल्पखर्चातच मिळवावयाची होती. परिणामी, मार्ग वापरात येऊन वर्षे लोटली तरी त्याचा ‘खर्च’ वाढतच राहिला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये येथील पथकर बंद केला आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. ही हिशेबांतील लबाडी नव्हे, कराराचा दोष होय. तथापि समूहाचा विचार कोणत्या वळणाने चाले, हे त्यावरून कळते.

प्रत्यक्ष गैरप्रकारांचे केंद्र आयएल अँड एफएस फायनॅन्शियल सर्व्हिसेस (आयफिन) ही कर्जे देणारी उपकंपनी होते. गंभीर घोटाळा तपास कार्यालयाने मे २०१९ मध्ये न्यायालयात दाखल केलेल्या तक्रारीत तिची रीत वर्णिली आहे. कल्पित आकडे घेऊन ती समजून घेता येईल. समजा, एका उद्योजकाच्या ‘अ’ या कंपनीकडे आयफिनचे शंभर कोटी रुपये थकले. नव्वद दिवस उलटले, की रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ते कर्ज अनुत्पादक ठरते; न आलेले व्याज उत्पन्नात धरता येत नाही आणि संभाव्य बुडिताची तरतूद नफ्यातून करावी लागते. ती वेळ येण्यापूर्वीच त्या उद्योजकाच्या ‘ब’ कंपनीस एकशे दहा कोटींचे नवे कर्ज देण्यात येई. ‘ब’ ती रक्कम ‘अ’ला देई आणि ‘अ’ जुने कर्ज व्याजासह फेडी. वहीतील दोन्ही नोंदी निर्दोष दिसत. सावकाराचीच रोकड फिरून त्याच्याकडे आली, एवढेच प्रत्यक्षात घडे. तरी व्याजाचे दहा कोटी नफ्यात जमा होत व येणे दहा कोटींनी फुगे. ग्रामीण पतपुरवठ्यात ज्यास ‘नवे-जुने करणे’ म्हणतात, तोच हा प्रकार होय. मात्र सोसायटीच्या सचिवास शेतकऱ्याची अडचण ठाऊक असते, येथे ती ताळेबंद वाचणाऱ्यापासून लपविण्यात आली.

दुसरी रीत समूहातील परिवहन कंपनीसाठी होती. आपल्याच समूहास किती कर्ज द्यावे यावर बंधने असल्याने आयफिन त्या कंपनीच्या पुरवठादारांस व कंत्राटदारांस कर्ज देई आणि पैसा त्यांच्यामार्फत परिवहन कंपनीकडे पोचे. समूहातील गुंतवणूक नियमाप्रमाणे वजा केल्यास आयफिनचा स्वनिधीच ऋण होतो, असा निष्कर्ष राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरणाने तिच्या २०१७–१८ च्या लेखापरीक्षणाची छाननी करताना काढला. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीतही ही बाब पूर्वी निघाली होती; ती पत्रव्यवहारात वर्षानुवर्षे रेंगाळली, हा या प्रकरणातील सर्वांत खेदजनक भाग म्हणावा लागेल. पतमापन संस्था लेखापरीक्षित ताळेबंदावर, गुंतवणूकदार पतमानांकनावर व संचालक मोठ्या भागधारकांच्या नावांवर विसंबून राहिले. पतमापनाचे शुल्क ज्याची पत मापावयाची तोच देतो, हा जुना दोषही येथे आडवा आला.

जून २०१८ पासून परिवहन कंपनीची देणी थकू लागली. सप्टेंबरच्या आरंभी लघुउद्योग विकास बँकेचे एक हजार कोटी रुपयांचे अल्प मुदतीचे कर्ज थकले, पाठोपाठ आयफिनची वचनपत्रेही. काही आठवड्यांपूर्वी सर्वोच्च मानांकन असलेले कर्जरोखे त्याच महिन्यात थकबाकीच्या श्रेणीत गेले. हे रोखे अनेक म्युच्युअल फंडांनी व भविष्य निर्वाह निधींनी सुरक्षित समजून घेतले होते. इतर वित्तकंपन्यांकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले. २१ सप्टेंबर रोजी दिवाण हाउसिंग फायनान्सच्या भागाची किंमत एका दिवसात चाळीस टक्क्यांहून अधिक उतरली.

राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या अनुमतीने केंद्र सरकारने १ ऑक्टोबर २०१८ रोजी जुने संचालक मंडळ दूर करून उदय कोटक यांच्या अध्यक्षतेखाली नवे नेमले. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसबाबत जानेवारी २००९ मध्ये हाच मार्ग अनुसरण्यात आला होता. तेथे बँकेतील हजारो कोटींच्या शिलका मुळात अस्तित्वातच नव्हत्या; पण चालू व्यवसाय व ग्राहक होते, म्हणून तीन महिन्यांत टेक महिंद्रासारखा खरेदीदार मिळाला. येथे नव्या मंडळास आधी कंपन्या मोजाव्या लागल्या व ती संख्या ३४८ भरली. देणी फेडण्याच्या कुवतीनुसार त्यांची हिरव्या, पिवळ्या व लाल अशा गटांत विभागणी करण्यात आली. तीन प्रमुख कंपन्यांचे मागील पाच वर्षांचे हिशेब पुन्हा उघडून नव्याने मांडण्याच्या आदेशावर सर्वोच्च न्यायालयाने जून २०१९ मध्ये शिक्कामोर्तब केले. राजीनामा दिल्याने लेखापरीक्षकांवरील कारवाई टळत नाही, असा निर्वाळा त्याच न्यायालयाने ३ मे २०२३ रोजी दिला.

एकूण देण्यापैकी सुमारे ६१,००० कोटी रुपयांचा निपटारा होईल, असा नव्या मंडळाचा अंदाज होता. रस्ते खरे असल्यानेच त्यांच्या विक्रीतून एवढी तरी वसुली शक्य झाली. खेड–सिन्नर रस्त्यावरील काही गावांच्या बाह्यवळणांची कामे मात्र दीर्घकाळ अपुरी राहिली आणि त्या गावांतून जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर वाहनांची कोंडी होत राहिली.