रिकाम्या वाळवंटाची पस्तीस वर्षे

केपटाऊनहून निघायचे, नामिबियाच्या वाळवंटातून वर सरकत एटोशा राष्ट्रीय उद्यान गाठायचे, तिथून बोत्स्वानात उतरून ओकावांगो आणि चोबे करायचे आणि व्हिक्टोरिया धबधब्यापाशी थांबायचे, असा हा साधारण तीन आठवड्यांचा प्रवास. वाहन म्हणजे उंच बांध्याचा ट्रक. त्याच्या पोटाशी कप्पे, कप्प्यांत तंबू, घडीच्या खुर्च्या, शेगडी आणि पाण्याचे कॅन. मुक्कामाला पोचल्यावर तंबू ज्याचा त्याने ठोकायचा आणि भांडी घासायची पाळी आली की निमूट घासायची. या सफरीच्या जाहिराती कोणत्याही भाषेतल्या असोत, एक माल त्यात हमखास विकायला असतो: माणसाचा हात न लागलेली भूमी. नामिबिया स्वतंत्र झाला २१ मार्च १९९० रोजी. तेव्हापासूनच्या पस्तीस वर्षांचा हिशेब मांडला, तर हा माल खोटा निघतो. त्या वाटेवरचे रिकामेपण बऱ्याच अंशी माणसांनीच, आणि कायदे करून, घडवलेले आहे. गेल्या तीन-साडेतीन दशकांत तिथे वन्यप्राणी वाढले त्यालाही कारण माणसेच आहेत. फक्त या वेळी ती हाकलली गेली नाहीत, त्यांना वाटा मिळाला.

आधी वाटेबद्दल. आज सरळ दिसणारा हा मार्ग १९९० पूर्वी असा नव्हताच. नामिबियाच्या उत्तरेत दक्षिण आफ्रिकेचे सैन्य आणि स्वातंत्र्यासाठी लढणारी स्वापो ही संघटना यांची लढाई चालू होती, आणि ईशान्येकडची कॅप्रिव्हीची चिंचोळी पट्टी म्हणजे लष्करी छावणी होती. स्वातंत्र्यानंतरही वॉल्विस बे हे बंदर दक्षिण आफ्रिकेच्याच ताब्यात राहिले. ते हाती यायला १९९४ साल उजाडले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट संपली, जगाचा बहिष्कार सरला आणि केपटाऊन या प्रवासाचे सोयीचे टोक बनले. म्हणून वाट कायमची मोकळी झाली असेही नाही. १९९९ मध्ये कॅप्रिव्हीत फुटीरतावाद्यांनी उठाव केला, जानेवारी २००० मध्ये एका फ्रेंच पर्यटक कुटुंबातली मुले गोळीबारात मारली गेली, आणि त्यानंतर काही काळ त्या रस्त्यावर लष्करी पहाऱ्यात, तांड्यानेच गाड्या सोडल्या जात. काझुंगुलाला झांबेझी नदी ओलांडायला ट्रकांची रांग तराफ्यासाठी ताटकळत असे. पूल झाला तो २०२१ मध्ये.

ओसाडपणा घडवला गेला, या म्हणण्यावर पहिला आक्षेप भूगोलाचा येईल, आणि तो रास्तही आहे. नामिब हे जगातल्या अतिप्राचीन वाळवंटांपैकी एक. किनाऱ्यालगतचा बेंग्वेला हा थंड सागरी प्रवाह पाऊस अडवतो आणि बदल्यात धुके देतो. तिथला बोटाच्या पेरापेक्षाही लहान असा एक काळा भुंगेरा पहाटे टेकाडाच्या माथ्यावर चढतो, वाऱ्याकडे तोंड करून डोके खाली आणि पाठ वर अशा पवित्र्यात उभा राहतो. पाठीवर साचलेले धुक्याचे थेंब घरंगळत थेट त्याच्या तोंडाशी येतात. पाण्यासाठी ज्या जागी किड्याला एवढी कसरत करावी लागते, तिथे गाव कसे वसणार? नामिबमधल्या सॉसुसव्लेईच्या वाळूच्या टेकड्यांबद्दल हे मान्यच. पण सफरीचा मोठा भाग या टेकड्यांत नसतो. एटोशा, दामारालँड, कालाहारी इथे माणसे होती, गुरे होती आणि शिकारीवर जगणाऱ्या सान लोकांच्या पिढ्यान्‌पिढ्या होत्या.

ती गेली कशी, हे क्रमाने पाहावे. १८९६-९७ च्या सुमारास बुळकांडीची साथ आली आणि आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातली गुरे पटापट मेली. हेरेरोंसारख्या गुराखी समाजाचा कणाच मोडला. पाठोपाठ १९०४ ते १९०८ या काळात जर्मन वसाहतीच्या सैन्याने हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला, तहानेने मरण्यासाठी हेरेरोंना ओमाहेकेच्या वाळवंटात रेटले. जर्मनीने याला अधिकृतपणे वंशसंहार म्हणायला २०२१ साल लागले. आणि हा संहार चालू असतानाच, १९०७ मध्ये, गव्हर्नर फॉन लिंडेक्विस्ट याने तीन शिकार-राखीव क्षेत्रे जाहीर केली. त्यातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या क्षेत्रातून आजचे एटोशा निघाले. पुढच्याच वर्षी ल्युडेरिट्झजवळ रुळावरची वाळू उपसणाऱ्या झकारियस लेवाला या मजुराला हिरा सापडला आणि दक्षिणेचा प्रचंड पट्टा निषिद्ध क्षेत्र बनला. तिथे शंभर वर्षे सामान्य माणसाला पाऊल टाकता आले नाही. २००८ मध्ये तोच पट्टा राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाला. एटोशातले हाईओम सान मात्र १९५४ पर्यंत तिथेच राहत होते. त्या वर्षी त्यांना बाहेर काढून आसपासच्या गोऱ्या शेतकऱ्यांच्या मळ्यांवर मजुरीला लावले गेले. आज एटोशातल्या ओकाउकुएयोच्या पाणवठ्यावर रात्री प्रकाशझोत लावलेले असतात, त्या उजेडात गेंडे येतात आणि कठड्यामागच्या बाकांवर पर्यटक श्वास रोखून बसतात. हे दृश्य अस्सल आहे, यात शंका नाही. पण त्यातून एक पात्र वगळले गेले, तो निर्णय प्रशासनाचा होता, निसर्गाचा नव्हे.

याच इतिहासाची एक खूण प्रवाशाला हातांनी चाचपता येते: पशुवैद्यकीय कुंपण. नामिबिया-बोत्स्वानात रस्त्यात मध्येच नाके येते, पहारेकरी आइसबॉक्स उघडायला लावतो, कच्चे मांस निघाले तर काढून घेतो. बोत्स्वानात तर सगळ्यांना खाली उतरवून चपला-बूट औषधाने ओल्या केलेल्या चटईवर दाबायला सांगतात आणि चाके तशाच द्रावणातून पुढे काढतात. कारण लाळ्या खुरकूत. रानम्हशींकडून हा रोग गुरांना लागू नये, म्हणजे गोमांस युरोपात निर्यात करता येईल, यासाठी ही तारेची जाळी बोत्स्वानाभर पसरली. १९५८ मध्ये कालाहारीत उभारलेले कुके कुंपण त्यातले पहिले मोठे. दुष्काळात पाण्याच्या शोधात उत्तरेकडे निघालेले विल्डबीस्टचे कळप या तारांपाशी अडले आणि हजारोंनी मेले. १९८० च्या दशकातला विनाश जगभर गाजला. आता याच्या उलट पुरावा पाहा. ओकावांगो आणि माकगाडिकगाडीची मिठागरे यांच्यामधले एक कुंपण १९६८ पासून उभे होते, ते २००४ मध्ये काढले गेले. तीनचार वर्षांतच झेब्रे ती शेकडो किलोमीटरची जुनी वाट पुन्हा तुडवू लागल्याचे संशोधकांना आढळले. कुंपणापूर्वी ही वाट चाललेला एकही झेब्रा जिवंत असणे शक्य नव्हते, तरीही. रान रिकामे करून तार ओढली की प्राणी सुरक्षित होतात, ही कल्पना त्या झेब्र्यांनीच खोडून काढली.

मग प्राणी वाढले कशाने? इथे नामिबियाचा अनुभव सविस्तर पाहण्यासारखा आहे. दक्षिण आफ्रिकेच्या अमलातच, १९६७ आणि १९७५ च्या कायद्यांनी, गोऱ्या शेतमालकांना आपल्या जमिनीवरच्या वन्यप्राण्यांवर हक्क दिला गेला होता. तोवर हरीण म्हणजे गुरांचा चारा खाणारी पीडा होती. हक्क मिळताच ते उत्पन्न झाले आणि खासगी मळ्यांवर त्यांची संख्या वाढू लागली. कृष्णवर्णीयांच्या सामूहिक जमिनींवर मात्र तेच जनावर सरकारचे. वायव्येतल्या काओकोव्हेल्डमध्ये १९८० च्या आगेमागे दुष्काळ आणि बंदूक दोन्ही एकदम आले. हत्ती आणि काळे गेंडे झपाट्याने संपत चालले, आणि मारणाऱ्यांत स्थानिकांइतकेच बाहेरचे, अगदी गणवेशातलेही होते. तेव्हा संवर्धक गार्थ ओवेन-स्मिथ यांनी तिथल्या गावप्रमुखांना हाताशी धरून गावातलेच राखणदार नेमले. पगार नाममात्र आणि शिधा, एवढेच; पण राखणदार गावाला जबाबदार होता, वनखात्याला नव्हे. ओवेन-स्मिथ आणि मार्गारेट जेकबसन यांना १९९३ मध्ये याच कामासाठी गोल्डमन पुरस्कार मिळाला. १९९६ मध्ये स्वतंत्र नामिबियाने कायदा दुरुस्त केला आणि गोऱ्या मालकांना मिळालेला हक्क सामूहिक जमिनीवरच्या समाजांनाही दिला. १९९८ मध्ये पहिल्या चार कॉन्झर्वन्सी, म्हणजे असा हक्क मिळालेल्या समाजांच्या संस्था, नोंदल्या गेल्या. आज त्या ८६ आहेत आणि देशाच्या सुमारे पाचव्या हिश्श्यावर पसरल्या आहेत. १९९५ च्या सुमारास साडेसात हजारांच्या घरात असलेले देशातले हत्ती आता वीस हजारांच्या वर गेले. कुनेने भागात तर काळे गेंडे राष्ट्रीय उद्यानाबाहेर, कुंपणाशिवाय, गुराख्यांच्या शेजारी हिंडतात.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की एटोशा राखीव नसते तर पुढे पसरायला बीजरूपाने प्राणी उरलेच कुठे असते? एवढे श्रेय उद्यानाला द्यायलाच हवे. पण राखून ठेवणे आणि हाकलणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि दुसऱ्याशिवाय पहिले झाले नसते, हे कोणी सिद्ध केलेले नाही. माणसे बाहेर आणि तार भोवती असूनही २०२२ मध्ये नामिबियात ८७ गेंडे चोरट्या शिकारीत गेले, त्यातले बरेचसे एटोशातच. अर्थात कॉन्झर्वन्सी म्हणजे रामराज्य, असे समजणारे उत्साहीही चुकतात. वाळवंटी सिंहांवरच्या माहितीपटामुळे प्रसिद्ध झालेल्या पाच भावांपैकी एक २०१६ मध्ये गोळीने आणि तीन विषाने मेले. ज्यांची गुरे सिंहांनी खाल्ली, त्यांच्याकडूनच. नुकसान एका घराचे आणि उत्पन्न समितीच्या खात्यात, हा तिढा अजून सुटलेला नाही. कॉन्झर्वन्सींना शिकारीचे परवाने विकून मिळणारा पैसा अनेकांना खुपतो, मलाही तो फारसा रुचत नाही. पण २०२० मध्ये टाळेबंदीने पर्यटन एका फटक्यात थांबले तेव्हा फक्त छायाचित्रांच्या पर्यटनावर राखणदारांचे पगार उभे करणे किती कच्चे आहे, ते उघडे पडले. बोत्स्वानाने २०१४ मध्ये बंद केलेली शिकार २०१९ मध्ये पुन्हा सुरू केली, ती हत्तींनी शेते तुडवलेल्या मतदारांच्या रेट्याने. २०२४ च्या दुष्काळात नामिबियाने ८३ हत्तींसह ७२३ वन्यप्राणी मारून मांस लोकांना वाटण्याचे ठरवले, तेव्हा बाहेरून आलेला संताप बहुतेक अशांचा होता ज्यांच्या चुलीशी त्या दुष्काळाचा संबंध नव्हता.

तंबूतल्या प्रवाशाचा या सगळ्यात वाटा किती? बोत्स्वानाने १९९० पासून थोडे पण भरपूर पैसे मोजणारे पर्यटक हवेत असे धोरण ठेवले. त्या हिशेबात ट्रकमधून येऊन स्वतःची भांडी घासणारा पाहुणा कमी भावाचा. दरडोई हे खरेच आहे. परंतु महागड्या लॉजचा पाहुणा छोट्या विमानाने उतरतो आणि छोट्या विमानाने उडतो. मधली गावे त्याच्या नकाशावर नसतात. ट्रकला डिझेल लागते, सरपण लागते, पाव-भाजी लागते, आणि स्पिट्झकोपेसारख्या ठिकाणी तो समाजाच्या मालकीच्या कॅम्पसाइटवर थांबतो. तिथे शौचालयाला चार पत्रे आणि अंघोळीला सूर्याने तापलेले पाणी असले तरी भाडे गावात राहते. बोत्स्वानाची दुसरी बाजूही याला जोडून पाहावी. १९६१ मध्ये मध्य कालाहारी राखीव क्षेत्र झाले, ते प्राण्यांइतकेच सान लोकांनाही तिथे राहता यावे म्हणून. तेच लोक १९९७ आणि २००२ मध्ये बाहेर काढले गेले आणि त्यांची कूपनलिका बंद केली गेली. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने हे हुसकावणे बेकायदा ठरवले, तरी पाण्याचा हक्क मिळायला त्यांना २०११ पर्यंत, अपील न्यायालयापर्यंत, झगडावे लागले. पर्यटकाला पाणी आणि रहिवाशाला कोरड, हा विरोधाभास कोणत्याही महागड्या धोरणाने झाकला जात नाही.

हा वाद आता आपल्याही दारात आला आहे. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते कुनो राष्ट्रीय उद्यानात आणले गेले. नामिबियातले बहुतेक चित्ते उद्यानांत नव्हे, गुरांच्या मळ्यांवर राहतात; शेतकऱ्यांनी त्यांना मारू नये म्हणून तिथे १९९४ पासून शेळ्यामेंढ्यांच्या राखणीला खास कुत्री दिली जातात. म्हणजे तिथे चित्ता टिकला तो माणसांशी चाललेल्या रोजच्या तडजोडीतून. कुनोतून मात्र गीरच्या सिंहांसाठी म्हणून चोवीस गावे, त्यात बहुसंख्य सहारिया आदिवासींची, आधीच उठवली गेली होती. सिंह आले नाहीत. चित्ते आले, आणि सोडल्यावर उद्यानाची हद्द ओलांडून गावांच्या शिवारात शिरले. आपण प्राणी तेवढा आणला, त्याला जगवणारी व्यवस्था तिथेच राहिली.

नामिबियाचेही सगळे हिशेब मिटलेले नाहीत. शेजारी चित्र वेगळे आहे: खोमानी सान लोकांना दक्षिण आफ्रिकेने १९९९ मध्ये कालाहारीतल्या उद्यानाच्या आतली आणि बाहेरची जमीन परत दिली, आणि पुढच्याच वर्षी ते उद्यान बोत्स्वानाच्या उद्यानाशी जोडून सीमा ओलांडणारे आफ्रिकेतले पहिले संयुक्त उद्यान झाले. जमिनीवरच्या हक्काने संवर्धन बुडाले नाही. नामिबियात मात्र हाईओम लोकांनी २०१५ मध्ये एटोशावरचा हक्क मागायला न्यायालय गाठले. सरकारमान्य पारंपरिक प्रमुख सोडून इतर कोणी साऱ्या समाजाच्या नावाने दावा लावू शकत नाही, या मुद्द्यावर उच्च न्यायालयाने तो २०१९ मध्ये फेटाळला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही. एटोशा मुळात कोणाचे, या प्रश्नाची सुनावणी झालीच नाही. सरकारने २००८ नंतर उद्यानाच्या दक्षिणेला काही मळे विकत घेऊन तिथे हाईओम कुटुंबे वसवली. पण १९९६ च्या कायद्याने कॉन्झर्वन्सींना जो वाटा दिला, तो राष्ट्रीय उद्यानाच्या आत लागू होत नाही, आणि एटोशाच्या फाटकावर ट्रकमधल्या प्रत्येकाकडून घेतलेले प्रवेशशुल्क आजही सरकारकडेच जाते.