सेंट घेताय? संध्याकाळपर्यंत थांबा!

"हात पालथा करा." आमच्या सास्तूर गावाकडच्या लग्नात मांडवाच्या तोंडाशी हे कानावर आलं की समजायचं, अत्तरदाणी आली. मागोमाग गुलाबपाणी शिंपडणारी एखादी पोर असतेच. हाताच्या पाठीवर काडीनं रेघ ओढली जाते, पाहुणे हात नाकाशी नेतात, "वाऽ" म्हणतात आणि पंगतीकडे वळतात. गंमत अशी, की ज्या वासाला "वाऽ" म्हटलं तो मठ्ठा येईपर्यंत बदललेला असतो. जेवून उठल्यावर हात पुन्हा हुंगून बघा.

कारण साधं आहे. बाटली एक असली तरी आत पुष्कळ मंडळी असतात आणि सगळी एकदम उडत नाहीत. लिंबू-संत्र्याच्या सालीतलं लिमोनिन अंगानं हलकं, त्याच्या रेणूचं वजन 136. चंदनातलं सँटॅलॉल 220चं, चांगलं जडशीळ. हलके आधी पळतात. दहा-पंधरा मिनिटांत लिंबूवर्गीय वास संपतो, मग गुलाब-मोगऱ्यासारखी फुलं पुढं येतात, आणि दोन-चार तासांनी खाली बसलेलं चंदन, कस्तुरी, व्हॅनिला बोलायला लागतं. दुकानदार यांना टॉप, मिडल आणि बेस नोट म्हणतात. आपण पैसे देतो ते बहुतेक वेळा पहिल्या पाच मिनिटांना. स्प्रेच्या बाबतीत तर पहिला भपकारा निव्वळ स्पिरिटचा. तो नाकात घेऊन निकाल देणं म्हणजे नवरदेव घोड्यावरून उतरायच्या आत संसार कसा होणार ते सांगणं!

दुकानात कागदाची पट्टी हुंगायला देतात. नको ते वगळायला ती बरी. पण कागदाला ना ऊब, ना घाम, ना तेल. कातडीला तिन्ही आहेत. कोरड्या कातडीवर सुगंध लवकर उडतो, तेलकट अंगावर रेंगाळतो. ऊब वाढली तरी तो घाईनं उडतो, म्हणून उन्हाळ्यात, पारा चाळिशीच्या वर गेला की सकाळी मारलेला सेंट दुपारीच गायब होतो. उपाय घरातच आहे: लावायच्या जागी आधी किंचित व्हॅसलीन किंवा बिनवासाचं तेल चोळायचं. जुन्या माणसांचा कानात फाया ठेवायचा रिवाज तर याहून हुशारीचा. कानातली ऊब, वाऱ्यापासून आडोसा आणि अत्तर धरून ठेवणारा कापूस, तिन्ही एकाच ठिकाणी.

दोन्ही मनगटं एकमेकांवर खसाखसा घासायची सवय मात्र सोडा. घासण्यानं रेणू मोडतात म्हणतात, ते खोटं. पण चोळल्यानं ऊब वाढते आणि हलका वास आणखी घाईनं पळतो. दुकानात ठेवलेल्या कॉफीच्या बिया? 2011मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगात त्यांची परीक्षा झाली. नाक ताजं करायला कॉफी साध्या हवेपेक्षा सरस ठरली नाही. दुकानाबाहेर उभं राहून दोन श्वास घ्या, फुकटात काम होतं.

आता आपल्या घरचा नमुना. चैत्रात जोतिबाला वाहतात तो दवणा. राखाडी-हिरवा, नाजूक पानांचा, शेवंतीच्याच कुळातला. याच्या तेलात दवणोन नावाचं द्रव्य असतं आणि परदेशी परफ्यूमवाले हे तेल जपून वापरतात. सुगंधाच्या धंद्यात त्याची ख्याती अशी, की ते प्रत्येकाच्या अंगावर वेगळा वास देतं. देवाला वाहिलेली जुडी घरी आली की चार जणांनी मनगटावर पानं चुरडून पाहावीत. वाद नक्की होईल.

वादाचं दुसरं कारण नाकात आहे. माणसाच्या नाकात वास ओळखणारे सुमारे चारशे प्रकारचे ग्राही (रिसेप्टर) असतात आणि सगळ्यांचे सारखे नसतात. घामात सापडणारं अँड्रोस्टेनोन कुणाला लघवीसारखं वाटतं, कुणाला गोडसर, कुणाला त्याचा पत्ताच लागत नाही. एका जनुकातल्या फरकानं हे घडतं, असं 2007मध्ये दिसून आलं. तेव्हा नवऱ्याला तुमचा सेंट उग्र वाटला तर तो कदाचित खोटं बोलत नसेल. कदाचित.

मोगऱ्याचं एक गुपित सांगून टाकते, जेवताना वाचू नका. त्याच्या वासात इंडोल असतं, आणि तेच इंडोल विष्ठेतही असतं. प्रमाण थोडं असलं की गजरा, जास्त झालं की... असो.

आणि पहिल्या पावसाचं अत्तर! कनौजमध्ये भाजलेल्या मातीचे तुकडे तांब्याच्या देगेत पाण्याबरोबर उकळतात, वाफ नळीतून चंदनाच्या तेलात उतरवतात आणि तयार होतं मिट्टी अत्तर. शास्त्रज्ञांनी या वासाला 'पेट्रिकोर' हे नाव दिलं 1964मध्ये, कनौजवाले त्याच्या कितीतरी आधीपासून तो बाटलीत भरत होते. त्यातला ओळखीचा मातकटपणा जिओस्मिनचा. मातीतले सूक्ष्मजीव ते तयार करतात आणि आपलं नाक अब्जात काही थोडे कण असले तरी ते टिपतं. मृगाचा पाऊस शेजारच्या शिवारात पडला तरी अंगणात कळतं, ते यामुळे. काळ्या रानात राहणाऱ्यांनी ही बाटली विकत का घ्यावी, हा प्रश्न वेगळा.

तर बाजारात जाल तेव्हा एका वेळी दोनच वास घ्या, एक डाव्या मनगटावर, एक उजव्या. चोळू नका. दुकानदाराला "येतो परत" म्हणा आणि भाजी, किराणा उरकून घरी या. दिवेलागणीला मनगट हुंगा. तेव्हाही आवडलं, तर पुढच्या बाजाराला पैसे घेऊन जा.