सरलष्कर आणि राज्यकारभारी: शहाजीराजांची तीन वर्षे

मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईत पडले, हे इंदापुरात लहान मुलासही ठाऊक असते, आणि त्यांच्या नावाची गढी गावात असल्यामुळे ती आठवण अजून बुजलेली नाही. परंतु ज्या परगण्यांचा मुकासा मालोजींच्या मागे त्यांचे बंधू विठोजीराजे यांनी शहाजी व शरीफजी या अल्पवयीन पुतण्यांच्या नावे सांभाळला, त्याच परगण्यांच्या बळावर थोरल्या पुतण्याने, म्हणजे शहाजीराजांनी, पुढे निजामशाही ही बुडती पातशाही तीन वर्षे स्वतःच्या खांद्यावर तोलून धरली, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत आटोपते. दोन ओळींत आटोपावी इतकी ती सामान्य नाही.

आजच्या वाचकास सेनापती म्हटला की सरकारी पगाराचा अधिकारी डोळ्यांपुढे येतो, जो निवृत्त झाल्यावर वाटल्यास निवडणुकीस उभा राहतो. सतराव्या शतकातील दक्षिणेत लष्कर आणि मुलकी कारभार यांच्यामध्ये अशी भिंत नव्हती. मुकासा म्हणजे जमिनीची मालकी नव्हे. परगण्याचा वसूल मुकासदाराने घ्यावा, त्यातून नेमल्या संख्येचे स्वार बाळगावे आणि हुकूम येताच ते घेऊन चाकरीस हजर व्हावे, असा तो करार असे. पाऊस फसला की वसूल बुडे, आणि वसूल बुडाला की घोडी उपाशी राहत. म्हणून देशमुख-देशपांडे, पाटील-कुळकर्णी यांच्याशी ज्याचे सूत जमले नाही, गाव परागंदा होऊ लागले असता कौल देऊन रयत परत आणण्याची ज्यास अक्कल नाही, असा सरदार रणांगणात कितीही शूर असला तरी दोन पावसाळ्यांत निकालात निघे. सुपे आणि इंदापूर हे तर अवर्षणाचे परगणे. रब्बीच्या शाळूवर जगणारे, कऱ्हा, नीरा आणि भीमा यांच्या काठची चिंचोळी काळी जमीन सोडली तर आभाळाकडे पाहणारे. या शाळेत शहाजीराजे शिकले.

1624 मध्ये अहमदनगरजवळ भातवडीस निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने मोगल आणि आदिलशाही अशा दोन फौजांचा एकत्र पराभव केला. त्या लढाईत शरीफजी कामास आले आणि शहाजीराजांची कीर्ती झाली. त्यानंतरच्या आठ वर्षांत त्यांनी इतक्या वेळा धनी बदलला की, काही अभ्यासकांना त्यांत चंचलता दिसली. अंबराशी न पटल्याने ते विजापुरास गेले आणि तेथे सरलष्कर झाले. अंबराच्या मृत्यूनंतर निजामशाहीत परतले. 1629 मध्ये सासरे लखुजी जाधवराव यांचा दौलताबादेस भर दरबारात खून झाल्यावर मोगलांकडे जाऊन त्यांनी पंचहजारी मनसब स्वीकारली. आणि त्यांच्याकडील मुलूख मोगलांनी मलिक अंबराचा पुत्र फत्तेखान याच्या पदरात टाकताच तीही मनसब झुगारली. मला या फेऱ्यांत चंचलता दिसत नाही. धनी बदलत होते. परंतु पुणे, सुपे, इंदापूर या टापूवरील आपला हक्क शहाजीराजांनी मनातून एकदाही सोडला नाही, आणि प्रत्येक नव्या धन्याशी बोलणे करताना त्यांची नजर याच टापूवर होती.

या टापूची दशा त्या वर्षांत पाहवत नव्हती. 1630 च्या सुमारास विजापूरच्या मुरार जगदेवाने पुणे जाळून, त्यावर गाढवांचा नांगर फिरवून तेथे पहार ठोकली. पाठोपाठ 1630 ते 1632 चा तो भयंकर दुष्काळ आला, ज्यात देहूस तुकारामबोवांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली. ज्याची जहागीर अशी उजाड झाली त्याने घोडदळ कशावर पोसावे? आणि तरीही याच अवकाळात शहाजीराजांनी आयुष्यातील सर्वांत मोठा डाव मांडला.

जून 1633 मध्ये दौलताबाद पडून निजामशहा मोगलांच्या कैदेत गेला, तेव्हा निजामशाही संपली असेच सर्वांनी धरले. शहाजीराजांनी संगमनेरजवळच्या पेमगिरीवर निजामाच्या वंशातील मुर्तजा नावाचे मूल तख्तावर बसविले आणि त्याच्या नावे कारभार आपण हाती घेतला. ज्या मुरार जगदेवाने पुणे जाळले त्याचेच साहाय्य या कामी त्यांनी मिळविले, कारण विजापूरच्या दरबारात मोगलांना रोखू इच्छिणारा पक्ष त्याचा आणि खवासखानाचा होता. घरची जखम बाजूस ठेवून केलेली ही निवड मला कोणत्याही लढाईपेक्षा कठीण वाटते. त्याच वर्षी भीमा-इंद्रायणीच्या संगमावर नागरगावी मुरारपंतांनी तुळादान केले, हत्तीचे वजन नावेत दगड भरून काढण्याची युक्ती त्यांना शहाजीराजांनी सांगितली असे परंपरा सांगते, आणि गावाचे नाव तुळापूर पडले.

स्वतः तख्तावर का बसले नाहीत, असे पुष्कळ जण विचारतात. त्या काळी किल्लेदार किल्ला सोडत ते शिक्क्याकडे पाहून, आणि देशमुख वसूल देत ते सनदेवरचे नाव पाहून. मोडक्या राज्याचे किल्ले व सरदार एका सूत्रात ओवायचे तर निजामाच्या वंशाचे नाव हवे होते, आणि कर्तृत्व शहाजीराजांचे पुरे होते. जुन्नरपासून कोकणापर्यंतचा मुलूख त्यांनी या रीतीने एकवटला.

डाव फिरला तो विजापुरात. 1635 मध्ये तेथील दरबारी कलहात खवासखान आणि मुरार जगदेव दोघेही मारले गेले, आणि शहाजीराजांची पाठ उघडी पडली. पुढच्याच वर्षी शाहजहान जातीने दक्षिणेत उतरला. त्याने आदिलशहाशी केलेल्या मे 1636 च्या तहात निजामशाहीची वाटणी झालीच, शिवाय जुन्नर, त्र्यंबक आदी किल्ले मोगलांच्या हवाली केल्याखेरीज शहाजीस विजापूरने चाकरीत घेऊ नये, असे कलमच घातले गेले. एका सरदारासाठी दोन पातशहांना तहात स्वतंत्र कलम लिहावे लागले, यावरून त्याचे वजन कळते. माहुलीच्या किल्ल्यात मोगलांचा खानजमान आणि आदिलशाहीचा रणदुल्लाखान यांच्या वेढ्यात सापडून, सर्व बाजू बंद झाल्यावर, 1636 च्या अखेरीस शहाजीराजांनी मुर्तजास मोगलांच्या स्वाधीन केले आणि विजापूरची चाकरी पत्करली.

हा पराभव होता. परंतु पुणे प्रांताची जहागीर या पराभवातूनही त्यांनी राखली. त्यांना रणदुल्लाखानाबरोबर कर्नाटकात धाडण्यात आले आणि बंगळूर त्यांचे ठाणे झाले. तेथे जयराम पिंड्ये याने ‘राधामाधवविलासचंपू’ रचला, जो वि. का. राजवाड्यांनी विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. इकडे त्यांचे कारभारी दादोजी कोंडदेव यांनी पुण्याच्या पडीक रानात पुन्हा कुळे वसविली. पहिल्या वर्षी नाममात्र धारा आणि मग वर्षागणिक थोडी वाढ, अशा इस्ताव्याच्या कौलावर. सुप्याचा अंमल शहाजीराजांचे मेहुणे संभाजी मोहिते यांच्याकडे होता. शिमग्याच्या निमित्ताने भेटीस जाऊन शिवाजीराजांनी या सावत्र मामांना कैद केले आणि सुपे ताब्यात घेतले. जानेवारी 1664 मध्ये कर्नाटकात होदिगेरीजवळ शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजांचा अंत झाला, तेव्हा त्यांनी सत्तावीस वर्षांपूर्वी माहुलीच्या वेढ्यातून वाचवून ठेवलेल्या या परगण्यांतून उभे राहिलेले त्यांच्या मुलाचे राज्य चालू होते.